रोजचे सोळाशे तेरा शब्द

कादंबरी लिहायला प्रतिभा लागते असं ज्यांना अजून वाटतं, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार! प्रतिभाबितिभा काही लागत नाही. लागतो भागाकार.

सन चौतीसच्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका मासिकानं जाहीर केलं, की एकतीस डिसेंबरपर्यंत जो कोणी पन्नास हजार शब्दांची सामाजिक कादंबरी पाठवील, त्याच्या कादंबरीचा विचार होईल आणि पसंत पडली तर लेखकाच्या फोटोसकट छापली जाईल. फोटो म्हटल्यावर मी तिथंच कागद ओढला! मी कुंडलिक, सोलापुरातल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीक्लार्क. कुठल्या खात्यात किती माणूस आलं, कुठल्या मागावर किती वार कापड निघालं, हे रोज माझ्या हाताखालून जातं. डिसेंबरचे दिवस एकतीस. पन्नास हजाराला एकतिसानं भागलं. रोजचे सोळाशे तेरा! वर तीन शब्द जास्तच होतात, ते 'समाप्त' वगैरे लिहायला बरे पडतात.

"पर गोष्ट कशाची हाय वो?" बायकोनं विचारलं.

"ते मागाहून बघू. आधी शब्द!"

बायकोचं नाव सारजा. चौथीपर्यंत शिकलेली, वाचता-लिहिता येणारी. घरात तिसरी माझी आत्या, मुक्ताबाई, लहानपणीच विधवा झालेली. तिनंच मला वाढवलं. चाळीत आमच्या दोन खोल्या, खाली शरणप्पांचं किराणा दुकान. सासरे आबासाहेब टेंभुर्णीला. त्यांचं आणि माझं मात्र तीन वर्षं बोलणं नव्हतं.

तेही सांगून टाकतो, टाळून भागायचं नाही. तीन वर्षांमागं सासूबाई, बजाबाई, आजारी पडल्या. आबासाहेब सारजाला न्यायला आले. त्या आठवड्यात आमच्या गिरणीत मोठ्या साहेबाचं इन्स्पेक्शन होतं आणि आत्या तापानं पडलेली. मी म्हटलं, "दोन दिवस थांबा, डब्याची पंचाईत होते, परवा मीच आणून सोडतो." आबासाहेब आल्या पावली परत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी टेंभुर्णीहून अशुभ पत्र आलं. सारजाला आईचं तोंड दिसलं नाही. दहाव्याला गेली, आली, आणि त्यानंतर माहेरचं माणूस आमच्या दारात आलं नाही. दिवाळीला चोळीचा खणसुद्धा नाही. ती एका शब्दानं बोलली नाही. मीही नाही. चूक कुणाची ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं, नाही का?

असो. कादंबरीकडे वळतो.

पहिली युक्ती अशी, की नावं शोधण्यात वेळ घालवायचा नाही. नायक कुंडलिक, नायिका सारजा, सासरा आबासाहेब, गाव टेंभुर्णी. शेवटी बदलू, आत्ता लिही! दुसरी युक्ती, माणसाला सरळ जाऊ द्यायचं नाही. नायक 'गेला' म्हटलं की एक शब्द. तोच उठला, उभा राहिला, टोपी शोधली, सापडली नाही, पुन्हा शोधली, सापडली, झटकली, घातली, मग गेला, म्हटलं की बघा! नायकाला एक बहिरा काका काढला. कुणीही काहीही म्हणालं की काका "काय म्हणालास?" म्हणायचा आणि अख्खं वाक्य पुन्हा लिहायला मिळायचं. त्या काकानं मला एका आठवड्यात दोन हजार शब्द मिळवून दिले. सख्ख्या काकानं एवढं केलं नसतं!

मोजायला चिंचोके घेतले. शंभर शब्द झाले की एक चिंचोका डब्यात. आत्याला वाटलं मी नामजप सुरू केलाय. "लई ग्वाड सवय लागली पोराला," म्हणून तिनं डब्याला हळदकुंकू वाहिलं.

पण सगळ्यात मोठी युक्ती सापडली ती पत्रांची. 'तीर्थस्वरूप आबासाहेब यांचे चरणी बालके कुंडलिकचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने खुशाल असून तिकडील खुशाली वरचेवर कळवत जावी.' दोन डझन शब्द, आणि डोक्याला काडीचा ताप नाही! वर पत्ता. मुक्काम पोस्ट टेंभुर्णी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. तो मी कागदाची घडी घालून खऱ्या पत्रासारखा बाहेरच्या बाजूला लिहायचो. तसं केलं की हात पळायचा, खरंच कुणाला तरी लिहितोय असं वाटायचं. कादंबरीतला कुंडलिक सासऱ्याला दर दोन दिवसांनी पत्र लिहायला लागला. खऱ्या कुंडलिकानं तीन वर्षांत एक लिहिलं नव्हतं.

तरीसुद्धा बाराव्या दिवशी गाडी अडली. एकोणीस हजारांवर पाहिजेत तिथं सोळा. काका थकला, टोप्या संपल्या. बुधवार होता. पहिला भोंगा व्हायला दीड तास होता. काय करावं? मग एकदम सुचलं, की माणूस गेलं म्हणजे शब्दांना तोटा नसतो! आठवणी, रडारड, पश्चात्ताप, सगळं आपोआप येतं. काकाला मारणं परवडत नव्हतं. म्हणून नायिकेला मारली.

पत्रच लिहिलं. टेंभुर्णीच्या आबासाहेबांना. वरच्या कोपऱ्यात 'अशुभ'. 'खुशाल' लिहिता येईना, तिथं वीस शब्दांचं नुकसान झालं, पण पुढं जो हात सुटला तो थांबेचना! 'आपली सारजा काल आपल्याला सोडून गेली.' मग बजाबाईंचं आजारपण आलं, तो डबा आला, ते 'दोन दिवस थांबा' आलं. 'तुम्ही दारात उभे होता, मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिचं आईचं तोंड मी हिरावून घेतलं, आणि आता तिचंही तोंड मला दिसायचं नाही. चुकलं माझं. आबासाहेब, चुकलं माझं.' अकराशे शब्द! लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं, मी म्हटलं चुलीचा धूर असेल. नंतर पाहिलं तर चूल पेटलेलीच नव्हती. तेवढ्यात भोंगा झाला. घडी घातली, पत्ता लिहिला, 'अशुभ' दिसेल असं वर केलं, कोनाड्यात ठेवलं आणि पळालो.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो.

आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पण आयुष्यात इतकी मयतं पाहिली, की एक अक्षरचित्र तिला शंभर हातांवरनं ओळखू येतं. 'अशुभ'! असलं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं, अंघोळ करायची आणि मग आत यायचं. आणि इथं ते खुशाल कोनाड्यात! तिनं पदराच्या टोकानं ते उचललं आणि थेट शरणप्पांच्या दुकानात.

"शरणप्पा, वर काय लिवलंय तेवडं बगा की."

"अय्यो शिवा! अशुभ म्हणून हाय की हो. टेंभुर्णीच्या आबासाहेबांना. कुंडलिकरावांचं अक्षर." शरणप्पा घडीला हात घालणार, तोच आत्या ओरडली, "उगडू नगा! दुसऱ्याचं अशुभ आपल्या डोळ्यानं वाचू न्हाय!"

"मग टपालात कसं नाही टाकलं हो?"

इथं माझ्या आत्याचं डोकं चाललं. कोणीतरी त्यांच्यातलं गेलंय. कुंडलिकाला गिरणीत कुणाकडून तरी बातमी कळली. कळवायचं म्हणून लिहिलं, पण भांडण आडवं आलं आणि पत्र ठेवून दिलं! आणि सारजाला सांगायचा धीर होत नाही! "न्हाय शरणप्पा, वैर आसलं तरी मयताचा निरोप आडवत न्हाईत. त्येचं पाप माज्या घराला लागंल. तुमी टाका."

शरणप्पा धर्माचा माणूस. त्यांनी पदरचं पाकीट काढलं, पत्र आत घातलं, वर पत्ता उतरवला, 'अशुभ' ठळक काढलं आणि स्वतः जाऊन डाकेत टाकून आले.

संध्याकाळी मी घरी आलो तर कोनाडा रिकामा! अकरा चिंचोके डब्यात टाकलेले आणि माल गायब!

"आत्या, इथला कागद?"

आत्या ओल्या केसांनी बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आशुब घरात ठिवत्यात व्हय रं? त्येची वाट लावली मी."

वाट लावली म्हणजे फाडलं, दुसरं काय! मी कपाळ बडवून घेतलं. आत्यानं ते दुःख समजून माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "रड बाबा, रड. पर पोरीला सांग आता." कुणाला काय सांगायचं ते मी विचारलं नाही, मला शब्दांचं पडलं होतं. पुन्हा लिहायला बसलो. सातशेच झाले, आणि तेही पहिल्यासारखे नाहीत.

गुरुवारी शरणप्पांच्या बायकोनं, रुद्राणीबाईंनी, पिठलं-भाकरी पाठवली. दुपारी शेजारच्यांनी पाठवली. शुक्रवारी तिसऱ्या घरातनं आली. ज्या घरात कुणी गेलं त्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी देतात, हे का मला ठाऊक नाही? पण माझ्या घरात कुणी गेलंच नव्हतं! मला वाटलं, चाळीला कळलंय आपल्यात लेखक राहतो. मी तीन दिवस ते पिठलं मिटक्या मारत खाल्लं!

सारजा मात्र बावरली. "मी नळावर गेले की बाया गप हुत्यात. रुद्राणीवैनी मला बघून डोळं पुसती. इचारलं तर म्हनती, आसू दे, खा. आवं, तुमच्या त्या लिवन्याची येवडी दया आली व्हय लोकान्ला माजी?"

"येऊ दे! फोटो छापून आला की बघ!"

रविवार उजाडला. सुट्टी होती, मी सकाळीच नायिकेचा दहावा घालायला बसलो होतो. एवढ्यात चाळीच्या तोंडाशी गलका झाला. खिडकीतनं पाहिलं तर आबासाहेब! अनवाणी, फेटा गळ्यात, बरोबर भाऊबंदातले दोघे. छातीवर हात मारत येत होते, "माजी सारजा! आगं माजी पोर!" नळावरच्या बायका वाटच बघत होत्या. त्यांनी गळा काढला. त्यांचा गळा ऐकून आबासाहेबांचा धीर पार सुटला. शरणप्पा दुकान टाकून धावले, "आबासाहेब, शिवाची इच्छा हो!"

आणि ह्या सगळ्या रडारडीत राखेचे हात घेऊन सारजा भांडी घासता घासता उठून बाहेर आली.

"आबा?"

आबासाहेब मटकन खाली बसले. बायांचे गळे एकदम बंद झाले, नळ कुणीतरी उघडाच ठेवला होता तेवढा ऐकू येत होता. त्यांनी तिचे हात धरले, तोंडावरनं हात फिरवला, राख सगळीकडं लागली. सारजाही रडायला लागली, पण तिचं रडणं निराळंच होतं. तीन वर्षांनी बाप दारात आला होता! मग तिला त्यांच्या काखेतलं दिसलं. हिरवं लुगडं, इरकली, घडी न मोडलेलं.

"आबा, माज्यासाटी लुगडं आनलं?"

चाळीतल्या प्रत्येक बाईला ते लुगडं कशाचं ते कळलं. सवाष्ण गेली की माहेरचं शेवटचं लुगडं लागतं. चितेवर घालायला वेळ गाठता आली नाही, निदान दहाव्याला कुणा सवाष्णीला नेसवावं म्हणून बापानं आणलं होतं. एकट्या सारजालाच कळलं नाही.

"व्हय गं," आबासाहेब म्हणाले. "तुज्यासाटीच."

तिनं राखेचे हात पदराला पुसले आणि ते नवं लुगडं उराशी धरलं. मी जिन्यात उभा होतो. ते लुगडं कशाचं हे तिला सांगायला मला सोळाशे तेरा शब्दही पुरले नसते.

"मग ग्येलं कोन?" आत्यानं विचारलं आणि सगळी चाळ माझ्याकडं वळली.

सांगावं लागलं! मासिक, पन्नास हजार, भागाकार, काका, सगळं. आबासाहेब ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे शबुद कमी पडत हुतं, म्हनून माजी ल्येक मारली?"

"कागदावर हो! निव्वळ कागदावर!" आणि मग, वाचकहो, माझ्या तोंडातनं जे गेलं त्याची मला आज सुद्धा लाज वाटते. मी म्हटलं, "ते पत्र बरोबर आणलंत का?"

"फाडलं. आशुब पत्र कुनी जपून ठिवतं व्हय?"

"अरेरे! अकराशे शब्द होते हो!"

शरणप्पांनी कपाळाला हात लावला. आबासाहेब मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फाडलं, पर आदी मास्तराकडनं चारदा वाचून घेतलं. समदं पाठ हाय मला." आणि त्यांनी अंगणात बसल्या बसल्या माझं पत्र म्हणून दाखवलं. दारात उभं ठेवलं, पाणी विचारलं नाही, आईचं तोंड हिरावलं, चुकलं माझं, आबासाहेब, चुकलं माझं. एक शब्द चुकला नाही त्यांचा. सारजा लुगडं धरून ऐकत होती. तीन वर्षांत हे तिनं माझ्याकडनं पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही बापाच्या तोंडून.

"खरं सांगतो जावईबापू," आबासाहेब म्हणाले, "पोर ग्येल्याचं दुख तर हुतंच. पर ते ऐकून माजं मन निवळलं. म्हटलं, मानसाला उमगलं. आता पोर जित्ती हाय, देवानं लई केलं. तेवडं तोंडानं बोला. मी चा पिऊन जातो, दिवाळीला पोरीला न्यायला यीन."

"खरं हाय का वो ते?" सारजानं विचारलं. "का शबुद भराय लिवलं?"

खरं होतं! त्या अकराशे शब्दांत एकही भरीचा नव्हता, देवाशपथ सांगतो. बाकीच्या सोळा हजारांत सगळी भरताड होती, पण ते पत्र खरं होतं. दोन शब्द बोलायचे होते. चुकलं माझं. कसली युक्ती नको, चिंचोका नको. मी तोंड उघडलं. सगळी चाळ बघत होती, गिरणीतला मुकादम जॉबर, भांडी घासणाऱ्या बाया, माझ्या हाताखाली हजेरी लागणारे विणकर. आणि मी काय म्हणालो माहितेय?

म्हणालो, "त्याचं असं आहे आबासाहेब, सामाजिक कादंबरीत नायकाला पश्चात्ताप व्हावाच लागतो."

सारजा आत गेली. मला वाटलं चहा टाकायला गेली. बाहेर आली ती ते हिरवं लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन. आत्याच्या पाया पडली. मला म्हणाली, "डब्याचं आत्या बगतील." एवढंच. बापाच्या मागनं ती मोटार स्टँडच्या रस्त्याला लागली आणि मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. "आरं जा की मागनं!" आत्या ओरडत होती. पाय उचलले नाहीत, झालं.

कादंबरी सतरा हजारांवर राहिली. नायिका मेलेली, खरी गेलेली, पुढं लिहायचं कुणाबद्दल? एकतीस तारीख आली आणि गेली. दोन जानेवारीला मी टेंभुर्णीला खरं पत्र लिहिलं. 'सारजा, चुकलं माझं. ये.' वर नमस्कार नाही, विनंती विशेष नाही, खुशाली नाही. इतकं छोटं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी कार्ड आलं. सारजाचं अक्षर, चौथीतलं, गोल गोल. 'पत्र पावलं. हे कितवं प्रकरण?'

म्हणजे आता लिहून भागायचं नाही. जायलाच पाहिजे, आणि तोंडानं बोलायला पाहिजे. तशी मी सुरुवात केलीय. पहिल्या रविवारी सर्व्हिस मोटारीत बसलो, मोहोळला उतरून परत आलो. गेल्या रविवारी मोडनिंबपर्यंत गेलो होतो. टेंभुर्णी तिथनं फार लांब नाही.